काचेच्या पेटीतली समुद्रफुले

आमच्या दिवाणखान्यात पूर्वी जेथे दोन तंबोरे भिंतीला टेकून उभे असत, तेथे गेली सात वर्षे एक काचेची पेटी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिच्यात खारे पाणी आहे, पाण्यात दगड आहेत आणि दगडांवर बाग आहे. शर्टाच्या बटणाएवढी फुले, कोणी हिरवी, कोणी केशरी, कोणी जांभळ्या काठाची आणि मध्ये शेंदरी ठिपका असलेली. शिकवणीस येणाऱ्या मुली आधी पेटीपाशी थांबतात आणि मग सतरंजीवर येऊन बसतात. शेजारच्या बेन पहिल्यांदा आल्या तेव्हा काचेला नाक लावून म्हणाल्या, ‘मास्तर, आ प्लास्टिकनां फूल छे?’ मी एक काडी घेऊन पाणी हलकेच ढवळले. फुलांनी झटकन पाकळ्या मिटल्या. बेन दोन पावले मागे सरल्या.

ही फुले म्हणजे प्राणी आहेत. शास्त्रज्ञ यांना झोअँथिड म्हणतात, आणि त्या ग्रीक नावाचा अर्थच ‘प्राणिपुष्प’ असा होतो. पोवळ्याची आणि समुद्रातल्या ॲनिमोन फुलाची ही भावंडे. पोवळ्याचा प्राणी चुन्याचा हाडासारखा सांगाडा बांधतो. ही मंडळी तसले काही बांधीत नाहीत. मऊ देठ, वर चपटी तबकडी, मध्ये चिरेसारखे तोंड आणि कडेने बारीक पाकळ्यांच्या दोन रांगा, एवढाच यांचा संसार. एकाच्या पायथ्यापासून एक पातळ कातडे दगडावर पसरते आणि त्यातून दुसरे फूल उगवते, मग तिसरे. कर्दळीचा गड्डा जमिनीखालून पसरतो ना, तसेच काहीसे. दोन फुलांपासून सुरुवात केली तर वर्षा-दीड वर्षात तळहाताएवढा वाफा तयार होतो. माझ्याकडचा हिरवा-केशरी वाफा तीन फुलांपासून झाला आहे. आता मोजणे मी सोडून दिले आहे.

गाणे शिकवणाऱ्या माणसाला हा नाद कोठून लागला, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर वडिलांच्या कपाटात आहे. वडील बडोदे सरकारच्या कलावंत कारखान्यातले, अगदी शेवटच्या भरतीतले. १९४६ साली अठराव्या वर्षी ते चाकरीस लागले आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तीन वर्षांची नोकरी आणि पुढे साठ वर्षांच्या आठवणी! मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्या तीन वर्षांत एकदा त्यांना द्वारकेस गाण्यासाठी पाठवले होते. तेथून त्यांनी एक शंख आणि एक पोवळ्याचा दगड आणला. शंख देवघरात गेला. दगड कपाटात, बंदिशींच्या वह्यांवर वजन म्हणून राहिला. लहानपणी मी त्याच्या भोकांत काड्या घालीत असे. ‘यात जिवंत काय होते?’ असे विचारले की वडील म्हणत, ‘ते समुद्राला विचार.’

द्वारकेस बडोद्याच्या गवयाला पाठवण्याचे कारण आजच्या वाचकास कदाचित ठाऊक नसेल. द्वारका, बेट आणि ओखा हा सारा ओखामंडळाचा भाग त्या काळी गायकवाडांच्या राज्यात होता. म्हणजे आम्हां बडोदेकरांना एके काळी स्वतःचा समुद्र होता, आणि त्या समुद्राकडे सयाजीराव महाराजांच्या सरकारने चांगल्या डोळसपणे पाहिले होते. जेम्स हॉर्नेल नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला त्यांनी ओखामंडळाच्या किनाऱ्याची पाहणी करण्यास बोलावले. हॉर्नेल त्यापूर्वी सिंहलद्वीपातल्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम करून आलेला होता. पुढे तो मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचा प्रमुख झाला. १९०५-०६ साली त्याने ओखामंडळात समुद्रजीव गोळा केले आणि बडोदे सरकारला सादर केलेल्या त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली व दुसरा १९१६ साली प्रसिद्ध झाला. सरकारचा हेतू उघड होता. शिंपल्यांपासून आणि शंखांपासून दरबारास उत्पन्न किती होईल, हे पाहावयाचे होते. पण हॉर्नेलने काम केले ते एवढ्यावर थांबणारे नव्हते. निरनिराळे जीव त्याने निरनिराळ्या तज्ज्ञांकडे धाडले आणि त्यांचे लेख अहवालाला जोडले. गायनशाळा आणि ग्रंथालये यांबद्दल महाराजांचे नाव आपण नेहमी घेतो; स्पंज आणि शंख यांच्यासाठीही घ्यावयास हरकत नाही.

समुद्राला विचारावयास मी मात्र फार उशिरा गेलो. मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही जामनगरकडे गेलो. कच्छच्या आखातातला सागरी राष्ट्रीय उद्यानाचा प्रदेश १९८० च्या सुमारास राखीव झाला, आणि वाडीनारजवळच्या नरारा येथे वनखात्याच्या परवानगीने ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. पाण्याखाली न उतरता, गुडघाभर पाण्यातून चालत पोवळ्यांचा प्रदेश पाहावयास मिळतो, ही मोठी सोय आहे. बरोबर वाटाड्या असतो. पाऊल कोठे टाकावे हे तो सांगतो, आणि ते ऐकले पाहिजे, कारण आपल्या एका चपलेखाली कित्येक वर्षांची वाढ चिरडते. खेकडे पाहिले, फुगणारा मासा पाहिला, दगडाखाली दडलेला ऑक्टोपस पाहिला. आणि एका डबक्याच्या काठी मुलगी ओरडली, ‘बाबा, बटणं!’

काठावरच्या उघड्या दगडावर तपकिरी, ओलसर गोळे चिकटून बसले होते. त्यांत पाहण्यासारखे काहीच नव्हते. पण तोच पट्टा डबक्याच्या पाण्यात शिरत होता, आणि पाण्याखाली तेच गोळे उमलून हिरवी-करडी फुले झाली होती. ओहोटी लागली की मिटून ओल धरून बसावयाचे आणि भरती आली की उमलावयाचे. दिवसातून दोनदा असा जन्म काढणारा प्राणी चिवट असणार हे तेव्हाच लक्षात आले. सौराष्ट्राच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हे प्राणी अनेक ठिकाणी आढळतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तेथून मी काहीही आणलेले नाही. राखीव क्षेत्रातून एक शिंपलाही उचलू नये. वडिलांच्या वेळची गोष्ट निराळी होती. २००१ सालापासून सारी दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. माझ्या पेटीतली फुले मुंबईच्या एका हौशी गृहस्थांच्या पेटीत वाढलेल्या वाफ्यांतून कापून आली. त्यांच्याकडेही ती दुसऱ्या कोणाच्या पेटीतूनच आलेली. विरजण जसे घरोघर फिरते तसे हे फिरते. यात मोठा फायदा असा, की घरी वाढलेल्या एका वाफ्यातून दहा घरांची हौस भागते आणि समुद्रातला दगड समुद्रात राहतो.

आता बागेबद्दल. ज्यांना हा खटाटोप करावयाचा असेल त्यांनी पहिल्या दोन महिन्यांची तयारी मनाशी ठेवावी. माझ्या पेटीत जवळजवळ १९० लिटर पाणी मावते. नळाचे पाणी चालत नाही. ते गाळून जवळजवळ शुद्ध करावे लागते आणि मग त्यात समुद्री मीठ मिसळावे लागते, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे क्षार समुद्राच्या प्रमाणात असतात. पहिल्या वेळी जवळजवळ सात किलो मीठ लागले. ते पाहून घरातून विचारणा झाली, ‘अहो, लोणच्याचा कारखाना काढताय का?’ पाणी तयार झाले तरी फुले लगेच ठेवता येत नाहीत. दगडांवर काही सूक्ष्म जंतू वस्तीस यावे लागतात. ते घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. ही वस्ती बसावयास चार ते सहा आठवडे जातात. तोवर नुसत्या दगडांकडे पाहत बसावयाचे.

मी बसलो नाही. तिसऱ्याच आठवड्यात फुले आणली आणि ती आठ दिवसांत लोण्यासारखी विरघळली.

दुसऱ्या खेपेस उलटी चूक झाली. पाणी काचेसारखे निर्मळ ठेवावयाचे असा चंग बांधला. दर दोन दिवसांनी पाणी बदलले, घाण शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, माशाला खाऊ जपून दिला. पाणी खरोखर निर्मळ झाले आणि फुले दर आठवड्यास बारीक होत गेली. कोणाला कारण कळेना. शेवटी मुंबईच्या त्या गृहस्थांनी फोनवरून विचारले, ‘नायट्रेट किती आहे?’ मी अभिमानाने सांगितले, ‘शून्य.’ ते म्हणाले, ‘मग ती उपाशी आहेत.’

झोअँथिडच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. प्रकाशावर ते अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालकाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन त्याला खत म्हणून मिळतो. पण तेवढ्याने भागत नाही. पाण्यातही थोडे नायट्रेट आणि अगदी किंचित फॉस्फेट असावे लागते. नायट्रेट लिटरला पाच ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट त्याच्या कितीतरी शतांश पटीत. मी माशाचा खाऊ वाढवला, पुड्या काढून टाकल्या आणि महिन्याभरात फुलांचे देठ पुन्हा जाड झाले. आमच्या विद्येतही असे विद्यार्थी भेटतात. गळा बिघडेल म्हणून तिखट नाही, थंड नाही, रात्रीचे जागरण नाही, आणि गळ्यात रक्तही नाही. असो.

बाकीचे आकडे सांगून टाकतो. पाण्याची घनता १.०२५, उष्णता २४ ते २६ अंश. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, ही दुसरी अट फार जड जाते. थंड करणारे यंत्र महाग आहे. मी पेटीवर दोन छोटे पंखे बसवले आहेत; वाऱ्याने पाणी उडते आणि उडताना तीन-चार अंशांनी थंड होते. पण उडते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोज तीन-चार लिटर गोडे पाणी वरून घालावे लागते. हे विसरून लग्नाला गेलेल्या माणसाची पेटी परत आल्यावर मिठागर झालेली असते. वीज गेली तर पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात असावा.

प्रकाशाची कथा मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. पहिल्यांदा फुले आणली तेव्हा पांढऱ्या दिव्याखाली ती मळकट दिसली. मला फसवणूक झाल्यासारखे वाटले. मग निळ्या प्रकाशाचा दिवा बसवला आणि संध्याकाळी तो लावताच घरातली सारी माणसे पेटीभोवती जमली. तपकिरी दिसणारे फूल शेंदरी झाले होते, करडे होते ते पोपटी. रंग अंगावर चढवलेला नव्हे, अंगातून निघाल्यासारखा. याचे कारण असे, की या प्राण्यांच्या शरीरात काही प्रथिने अशी असतात की ती निळा प्रकाश पितात आणि हिरवा, पिवळा किंवा तांबडा परत टाकतात. असले पहिले हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाला एका जेलीफिशमध्ये सापडले. तो शोध १९६२ साली प्रसिद्ध झाला आणि त्याबद्दल २००८ साली त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पुष्कळ वर्षे समजूत अशी होती की ही प्रथिने स्वतः चकाकणाऱ्या प्राण्यांतच असणार. १९९९ साली रशियन शास्त्रज्ञांनी ती स्वतः न चकाकणाऱ्या पोवळ्यांच्या कुळात शोधून काढली, आणि ज्या प्राण्यांत ती सापडली त्यांत झोअँथस होताच. त्याची हिरवी आणि पिवळी प्रथिने आज प्रयोगशाळांत पेशी ओळखण्याची खूण म्हणून वापरतात. म्हणजे दिवाणखान्यात हौस म्हणून ठेवलेले फूल आणि सूक्ष्मदर्शकाखालची पेशी यांचा रंग एकाच घराण्याचा!

प्रकाश फार थोडा असला तर फुले मान उंचावून लांबलचक होतात, फार झाला तर मिटून बसतात किंवा पांढरी पडतात. दोन्ही टाळण्याचा उपाय एकच, नवा तुकडा आधी तळाशी ठेवावा आणि दर आठ दिवसांनी थोडा वर न्यावा. वाफ्यांची मांडणी करताना प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड द्यावा आणि दोन दगडांमध्ये वाळूची वाट ठेवावी. नाहीतर वेगाने वाढणारा हिरवा सगळ्यांना गिळतो आणि बागेचे कुरण होते. बाजारात या रंगांना नाना नावे आहेत, ‘रास्ता’, ‘ईगल आय’ वगैरे, आणि दुर्मिळ रंगाचा भाव एकेका फुलामागे सांगतात. त्या भानगडीत मी पडलो नाही. ज्याला तीन फुलांची किंमत देऊन रात्रभर झोप येत नाही, त्याने बाग करू नये. शिवाय फुले खाणारी एक कवचहीन गोगलगाय असते. ती ज्या रंगाचे फूल खाते त्याच रंगाची होऊन त्याच्यातच बसते. दिवसा दिसत नाही. मी रात्री विजेरी घेऊन दोन वेळा पकडली आहे.

संगीताच्या घरात या पेटीने दोन अडचणी केल्या. पंपाच्या फेसाळ पाण्यातून मिठाचे तुषार उडतात आणि खोलीभर बसतात. सहा महिन्यांत तंबोऱ्याच्या पोलादी तारांवर तांबेरा चढला, खर्जाची पितळी तारही काळवंडली. तंबोरे आतल्या खोलीत गेले ते आजतागायत तेथेच आहेत. दुसरी अडचण स्वराची. आपल्या विजेचे आवर्तन सेकंदास पन्नास. त्यामुळे पंप, पंखा वगैरे यंत्रांचा गुंजारव बहुधा सेकंदास शंभर कंपनांचा निघतो. पेटीच्या पट्टीत सांगावयाचे तर हा स्वर पांढरी पाचच्या खर्जाहून किंचित चढा आहे. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या मुलींना षड्ज लावताना काहीतरी टोचत असे. मला कारण कळावयास तीन महिने लागले. आता पंपाखाली रबराची घडी आहे आणि शिकवणी आतल्या खोलीत चालते.

आता चार वर्षांपूर्वीची हकीकत. ती लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला.

एका दगडाबरोबर न मागता तपकिरी रंगाचा एक वाफा आला होता. जाड देठ, मोठी तबकडी, अंगात वाळूचे कण रुतलेले. हा झोअँथसचा चुलतभाऊ, पॅलिथोआ. दिसावयास ओबडधोबड, पण वाढीला भलताच जोरदार. वर्षभरात त्याने माझे दोन केशरी वाफे झाकून टाकले. ज्या दुकानातून मी मीठ आणीत असे तेथल्या माणसास विचारले. तो म्हणाला, ‘सोपं आहे. दगड बाहेर काढा, उकळतं पाणी ओता आणि ब्रशानं घासा.’ रात्री साडेनऊला मी मोरीचे दार लावून घेतले, दगडावर पातेलेभर उकळते पाणी ओतले आणि घासावयास बसलो. वाफेला एक उग्र वास होता. दहा-पंधरा मिनिटांत काम झाले.

तासाभराने तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव आली. मग थंडी वाजू लागली. मध्यरात्री खोकला सुरू झाला तो थांबेना, आणि श्वास घ्यावयाचा तर छातीभोवती कोणी सोल आवळावा तसे होऊ लागले. दमसास हे माझे पोट भरण्याचे साधन आहे. तो असा हातातून जाताना पाहणे काय असते ते मी सांगू शकत नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांना आम्ही खरे कारण सांगितलेच नाही, कारण ते आम्हांला माहीतच नव्हते. न्यूमोनिया समजून उपचार चालू झाले. पहाटे मुलगी, ती तेव्हा रसायनशास्त्र शिकत होती, घरी गेली, मोरीतला दगड पाहिला आणि तासाभराने धावत परत आली. डॉक्टरांना म्हणाली, ‘बाबांनी पॅलिथोआ उकळलाय. हे पॅलिटॉक्सिन असेल.’ डॉक्टरांनी ते नाव कधी ऐकले नव्हते, पण त्यांनी तिला खुर्ची दिली आणि सारे ऐकून घेतले. या विषावर उतारा नाही. प्राणवायू, श्वासाची औषधे, हृदयावर आणि रक्तातल्या पोटॅशियमवर नजर, एवढेच हाती असते. दोन रात्री तेथे काढल्या.

या विषाची कथा मी अंथरुणावर पडल्या पडल्या वाचली. हवाई बेटांतल्या माऊईवर हाना गावाजवळ एक डबके होते. त्यातल्या ‘प्राणघातक शेवाळा’ने भाल्याची टोके माखली की जखमी शत्रू वाचत नाही, अशी तेथल्या लोकांत जुनी वार्ता होती, आणि त्या जागेला हात लावणाऱ्यावर संकट येते असेही ते म्हणत. १९६१ च्या ३१ डिसेंबरला विद्यापीठाच्या माणसांनी तेथून नमुने गोळा केले. त्याच दिवशी त्यांच्या सागरी प्रयोगशाळेची इमारत आगीत जळाली. शेवाळ म्हणतात ते खरोखर शेवाळ नव्हते, तो पॅलिथोआच होता. १९७१ साली मूर आणि श्यूअर या शास्त्रज्ञांनी त्यातले विष वेगळे काढल्याचे जाहीर केले. त्याच्या एका रेणूत कार्बनचेच १२९ अणू आहेत; त्याची रचना उलगडावयास आणखी दहा वर्षे लागली. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटते आणि त्याचे उघडे भोक करून टाकते. मग आतले बाहेर, बाहेरचे आत, काही धरबंदच राहत नाही.

माझ्यासारखे मूर्ख जगात आणखीही आहेत, हेही कळले. २०१८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये पेटीतले पोवळे साफ करताना एक सबंध कुटुंब आजारी पडले आणि मदतीस आलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांनाही इस्पितळात जावे लागले. २०११ साली अमेरिकेत दुकानांतले नमुने तपासले तेव्हा काही पॅलिथोआंत हे विष भरपूर निघाले. रंगीत झोअँथसची गोष्ट तशी दिसली नाही. पण कोणता कोण हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. म्हणून सगळ्यांना एकच नियम लावलेला बरा. दगड कधीही उकळू नये, गरम पाणी ओतू नये, घासू नये, उन्हात वाळवू नये. कापावयाचे तर हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि खिडक्या उघड्या. फूल कापताना कधी कधी पिचकारी उडते. ती डोळ्यात गेली तर डोळा गमावण्याची वेळ येते. हातावर चीर असेल तर त्या दिवशी पेटीत हात घालू नये. कापलेल्या जागी वापरलेले पाणी बागेत किंवा कुत्र्या-मांजरांना सापडेल असे टाकू नये. आणि काही झालेच तर डॉक्टरांना पेटीची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी.

मला पुन्हा गाता यावयास वेळ लागला. सहा आठवडे मंद्र सप्तकाच्या वर जाता येईना. शिकवणी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने चालवली. मी बाजूला बसून हाताने ताल देत असे आणि ती मुले माझ्याकडे पाहावयाचे टाळीत. तिसऱ्या महिन्यात एके पहाटे तार षड्ज लागला. फार वेळ टिकला नाही, पण लागला. आतून आवाज आला, ‘अहो, चहा ठेवू का?’ तेवढ्यावरून तिने ऐकले होते हे मला कळले.

पेटी काढून टाकावी असे घरात दोघीही म्हणाल्या नाहीत, याचे मला आजही आश्चर्य वाटते. मुलीने मात्र अट घातली. तपकिरी वाफ्याचे उरलेले दोन दगड तिने स्वतः, मोजे आणि चष्मा घालून, पाण्याबाहेर न काढता पाण्यातच पिशवीत बंद केले आणि गच्चीवर विरंजक द्रवाच्या बादलीत झाकणाखाली बरेच दिवस ठेवले. पेटीशेजारी भिंतीवर तिच्या अक्षरात एक कागद आहे. त्यावर पॅलिटॉक्सिनचे नाव, लक्षणे आणि जवळच्या इस्पितळाचा फोन लिहिला आहे. शिकवणीला येणारे पालक तो वाचतात आणि मग माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहतात.

केशरी वाफ्यांपैकी एक वाचला. त्याची अवघी चार फुले उरली होती. आज पस्तीसच्या वर आहेत. मागच्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीने त्यातला तुकडा मागितला. तिच्या घरी पेटी तयार आहे, सहा आठवडे झाले आहेत, नायट्रेटही मोजून आणले होते, सात. मी तिला मोजे दिले, मुलीचा जुना प्रयोगशाळेतला चष्मा दिला आणि खिडक्या उघडल्या. तिने दगडाचा कोपरा कात्रीने तोडला, तीन फुले होती. ती मिटून तपकिरी गोळे झाली आणि डब्यात बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. दोन उमलली होती, तिसरे अजून मिटलेले होते.